करिअरची कौशल्यं घडवणारा विद्यापीठातला कोर्स आखायचा कसा? शेवटाकडून सुरुवातीकडे, टप्प्याटप्प्यानं

कोर्समध्ये करिअरची कौशल्यं आणायची ठरली की बहुतेक ठिकाणी आधीच्या पाच युनिटांना सहावं युनिट जोडलं जातं. त्याला ‘संवाद आणि सॉफ्ट स्किल्स’ असं नाव पडतं आणि सत्राच्या शेवटच्या दोन आठवड्यांत दोन व्याख्यानं, एक सादरीकरण असं ते उरकलं जातं. विद्यार्थ्याच्या वहीत व्याख्या उतरतात. हाताला काही लागत नाही. कौशल्य यायचं तर काम करावं लागतं, ते चुकावं लागतं, कुणीतरी चूक दाखवावी लागते आणि तेच काम पुन्हा करावं लागतं. दोन आठवड्यांत एवढं बसत नाही.

मूळ बिघाड क्रमात आहे. आधी विषयांची यादी, मग शिकवणं आणि सर्वांत शेवटी प्रश्नपत्रिका, असा कोर्स आखला की कौशल्याला जागा उरतच नाही. खालचा क्रम उलटा आहे: आधी प्रत्यक्ष काम, मग त्या कामाची परीक्षा, मग सराव आणि शेवटी व्याख्यानं. उदाहरणासाठी सगळीकडे एकच कोर्स घेतला आहे: तिसऱ्या वर्षाचा सांख्यिकीचा, ६० विद्यार्थी, १५ आठवडे, आठवड्याला ४ तास वर्ग आणि वर्गाबाहेर सरासरी तेवढाच अभ्यास, म्हणजे एकूण १२० तास. रसायनशास्त्र, इतिहास, कायदा, कुठलाही विषय असला तरी क्रम हाच.

## सुरुवात करण्याआधीची तयारी

सत्र सुरू होण्याच्या पाच-सहा महिने आधी कामाला लागा. महिनाभर आधी सुरुवात केली तर वेळ फक्त वेळापत्रक लावायला पुरतो. हाताशी हे असू द्या:

- कोर्सची सध्याची मंजूर रूपरेषा आणि गेल्या दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका.
- विद्यार्थ्यांच्या जुन्या कामाचे ८-१० नमुने, नावं काढून टाकलेले. चांगले, मधले आणि कच्चे असे तिन्ही हवेत.
- त्याच पदवीच्या आधीच्या आणि नंतरच्या कोर्सच्या रूपरेषा.
- किमान एक सहकारी, जो तुमच्याबरोबर पेपर तपासेल आणि जिथे अडलं तिथे स्पष्ट बोलेल.

आणि एक गोष्ट लेखी विचारून घ्या: मंजुरीशिवाय काय बदलता येतं? बऱ्याच संस्थांत असाइनमेंटचं स्वरूप प्राध्यापकाच्या हातात असतं, पण गुणांचं वजन किंवा अध्ययन निष्पत्ती (कोर्सअखेर विद्यार्थ्याला काय करता यावं हे सांगणारी विधानं) बदलायला अभ्यास मंडळाची मान्यता लागते. हे नंतर कळलं तर सगळी आखणी एका वर्षानं पुढे जाते.

## टप्पा १: काम शोधा, गुणांची यादी नको

‘तुम्हाला कसे विद्यार्थी हवेत?’ असं कुठल्याही नोकरी देणाऱ्याला विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: संवाद चांगला हवा, टीममध्ये काम करता यायला हवं, समस्या सोडवता यायला हव्यात. यावरून कोर्स आखता येत नाही, कारण यात काम कुठेच दिसत नाही. प्रश्न बदलायला हवेत. मुलाखतीत हे विचारा:

१. गेल्या आठवड्यात तुम्ही नेमकं काय तयार केलं? दाखवता येईल का?
२. ते कुणासाठी होतं आणि त्यावरून त्यांनी काय ठरवलं?
३. नवीन माणूस पहिल्या सहा महिन्यांत कुठे चुकतो?
४. कुठलं काम त्याच्यावर बिनधास्त सोपवता आणि कुठलं सोपवत नाही?

तिसरा आणि चौथा प्रश्न सर्वांत जास्त माहिती देतात. अशा ६ ते ८ मुलाखती, प्रत्येकी ४० मिनिटांच्या, पुरेशा होतात. निम्मी माणसं पदवी घेऊन एक ते तीन वर्षं झालेली असावीत आणि बाकीची त्यांच्या थेट वरची. फक्त मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखाशी बोलून थांबू नका; त्यांना भरतीचे निकष माहीत असतात, रोजचं काम बहुधा दुसऱ्याच्या टेबलावर असतं. पुढे शिकणारे, स्वतःचा व्यवसाय करणारे, सामाजिक संस्थांत गेलेले असेही एक-दोन जण घ्या, नाहीतर कोर्स एकाच प्रकारच्या नोकरीकडे झुकतो.

जोडीला १५-२० नोकरीच्या जाहिराती घ्या आणि त्यातली विशेषणं खोडून क्रियापदं व ‘तयार होणाऱ्या वस्तू’ (अहवाल, आराखडा, चाचणी, नोंद, सादरीकरण) मोजा. अमेरिकेच्या कामगार खात्याचा ओनेट (O*NET) आणि युरोपीय आयोगाचा एस्को (ESCO) हे व्यवसायांचे दोन मोठे साठे मोफत पाहता येतात. त्यात व्यवसायानुसार कामांच्या आणि कौशल्यांच्या याद्या आहेत. सुरुवातीचा कच्चा माल म्हणून त्या उपयोगी पडतात, पण मुलाखतींची जागा घेत नाहीत.

संपूर्ण पदवी नव्यानं आखायची असेल तर डेकम (DACUM) पद्धत वापरा. प्रत्यक्ष काम करणाऱ्या ५ ते १२ अनुभवी लोकांचा गट साधारण दोन दिवस बसवतात, आणि एक समन्वयक त्यांच्याकडून त्या व्यवसायातल्या जबाबदाऱ्या व प्रत्येक जबाबदारीतली कामं काढून घेतो. एका कोर्ससाठी एवढा खटाटोप लागत नाही.

टप्प्याच्या शेवटी हातात २० ते ३० वाक्यं हवीत, प्रत्येकात क्रिया, वस्तू आणि ती कुणासाठी हे तिन्ही: ‘सर्वेक्षणाचा अर्धवट डेटा साफ करून, सांख्यिकी न शिकलेल्या व्यवस्थापकासाठी दोन पानी अहवाल लिहितो.’

सावधान: वाक्यात सॉफ्टवेअरचं नाव आलं की थांबा. साधन बदललं तरी जे काम उरतं ते लिहा. साधन शिकवायचं नाही असं नाही, पण त्याला निष्पत्ती बनवलं तर कोर्स त्या साधनाबरोबरच जुना होतो.

## टप्पा २: तीनच कौशल्यं निवडा

इथे हात आखडता घ्यावाच लागतो. एका सत्राच्या कोर्समध्ये दोन किंवा तीन करिअर कौशल्यं नीट घडतात. सात-आठ लिहिली तर एकही घडत नाही. प्रत्येक वाक्याला चार प्रश्न लावा:

- हे काम वारंवार करावं लागतं का?
- याच विषयाच्या पोटात ते नैसर्गिकपणे येतं का?
- ते डोळ्यांनी पाहता किंवा कागदावर तपासता येतं का?
- दुसरा कोर्स ते आधीच नीट करून घेतो आहे का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर अंदाजानं देऊ नका. एक तक्ता काढा: आडव्या ओळींत पदवीचे सगळे कोर्स, उभ्या रकान्यांत कौशल्यं. प्रत्येक चौकोनात ‘ओ’ (ओळख), ‘स’ (सराव) किंवा ‘त’ (गुणांसह तपासणी) लिहा. हा तक्ता भरला की एक चित्र हमखास दिसतं: सादरीकरणाच्या रकान्यात सहा वेळा ‘ओ’, एकदाही ‘स’ नाही आणि शेवटच्या वर्षी अचानक ‘त’. म्हणजे सहा कोर्सनी उल्लेख केला, शिकवलं कुणीच नाही. रिकाम्या रकान्यापेक्षा नुसत्या ‘ओ’चा रकाना जास्त फसवा असतो, कारण कागदावर तो भरलेला दिसतो.

आपल्या उदाहरणात तीन ठरली: अपुऱ्या डेटावरून निष्कर्ष काढून बिगरतज्ज्ञाला लेखी कळवणं, अस्पष्ट मागणी आली तर योग्य प्रश्न विचारून ती स्पष्ट करून घेणं, आणि आपल्या विश्लेषणावरच्या शंकांना तोंडी उत्तर देणं.

## टप्पा ३: निष्पत्ती तपासता येईल अशी लिहा

सूत्र सोपं आहे: कृती + कशावर + कुठल्या परिस्थितीत + कुठल्या दर्जाची.

कच्चं: ‘विद्यार्थ्याला डेटा विश्लेषणाचं महत्त्व समजेल.’
पक्कं: ‘त्रुटी असलेला सुमारे ५०० ओळींचा डेटा दिल्यावर विद्यार्थी तो साफ करेल, काय वगळलं आणि का याची नोंद ठेवेल, आणि निर्णय घेणाऱ्याला वापरता येईल असा दोन पानी अहवाल लिहील.’

‘समजेल’, ‘जाणीव होईल’, ‘परिचय होईल’ ही क्रियापदं काढून टाका. शिकण्याच्या सोप्या ते अवघड पातळ्या मांडणाऱ्या ब्लूमच्या वर्गीकरणातून (१९५६, सुधारित रूप २००१) ‘विश्लेषण करेल’, ‘मूल्यमापन करेल’ अशी वजनदार क्रियापदं उचलून रूपरेषेत टाकणं सोपं असतं, पण त्यानं काही बदलत नाही. रूपरेषेत ‘विश्लेषण’ आणि परीक्षेत ‘व्याख्या लिहा’ असेल तर विद्यार्थी व्याख्याच पाठ करणार, आणि त्याच्या जागी कुणीही तेच करेल.

विषयज्ञान आणि कौशल्य धरून एकूण चार ते सहा निष्पत्ती पुरेत.

तपासणी: निष्पत्ती सहकाऱ्याला वाचायला द्या आणि विचारा, ‘विद्यार्थ्यानं काय आणून दिलं म्हणजे हे जमलं असं म्हणशील?’ दहा सेकंदांत उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहा.

## टप्पा ४: आधी शेवटची परीक्षा, मग निकषतक्ता

पूर्ण आखणीतला सर्वाधिक वेळ इथे द्या. एकूण मेहनतीचा तिसरा हिस्सा या एका टप्प्यावर गेला तरी तो वाया जात नाही.

### ४.१ शेवटचं काम ठरवा

खऱ्या कामाच्या जवळ जाणाऱ्या कामात चार गोष्टी असतात: ठरावीक वाचक, त्याला घ्यायचा निर्णय, मर्यादा (वेळ, शब्द, साधनं) आणि पूर्णपणे नीटनेटकं नसलेलं साहित्य. शेवटची गोष्ट सर्वांत जास्त गळते. पाठ्यपुस्तकातल्या डेटामध्ये एकही रिकामा चौकोन नसतो, एकच नाव दोन प्रकारे लिहिलेलं नसतं. असा डेटा दिला तर अर्धं कौशल्य तुम्हीच विद्यार्थ्याच्या वतीनं करून टाकता.

मात्र गोंधळ मुद्दाम आणि मोजून घाला. ५०० ओळींत तीन प्रकारच्या त्रुटी पुरतात: रिकाम्या नोंदी, दुबार नोंदी आणि एककांची सरमिसळ. दहा प्रकार घातले की विद्यार्थी साफसफाईतच अडकतो आणि निष्कर्षापर्यंत पोचत नाही.

### ४.२ गुणांचं वजन

विद्यार्थी वेळ तिथे घालतो जिथे गुण आहेत. ८० टक्के गुण पाठांतराच्या लेखी परीक्षेला आणि ५ टक्के ‘सहभागा’ला असतील, तर कौशल्याबद्दलचं तुमचं म्हणणं त्यानं गुणपत्रिकेतच वाचलेलं असतं. आमच्या मते करून दाखवण्याच्या कामाला ४० टक्क्यांहून कमी वजन मिळणार असेल तर आखणीचे कष्ट घेण्याआधी वजन बदलून घ्यावं. आपल्या कोर्सचं वजन असं:

- आठवडा ५: एक पानी अहवाल, १० टक्के
- आठवडा ९: दीड पानी अहवाल, १५ टक्के
- आठवडा १४: पूर्ण अहवाल २५ टक्के आणि त्यावर तोंडी प्रश्नोत्तरं १० टक्के
- लेखी परीक्षा: ४० टक्के

### ४.३ निकषतक्ता

काम कशावर आणि कुठल्या दर्जावर तपासायचं हे सांगणारा हा तक्ता: चार किंवा पाच निकष, प्रत्येकाच्या चार पायऱ्या. लिहिताना तिसऱ्या पायरीपासून सुरू करा, म्हणजे ‘हे काम जसंच्या तसं पुढे पाठवता येईल’ या दर्जापासून. मग खाली आणि शेवटी वर जा. ‘उत्कृष्ट, चांगले, बरे, असमाधानकारक’ असे नुसते शब्द लिहिले तर तो तक्ता गुण देतो, शिकवत काहीच नाही. ‘निष्कर्ष आणि पुरावा’ या निकषाच्या पायऱ्या अशा होतील:

- पायरी १: निष्कर्ष आहे, पण त्याला आधार देणारा आकडा अहवालात नाही.
- पायरी २: आकडा आहे, पण त्यावरून तो निष्कर्ष निघत नाही, उदाहरणार्थ, सहसंबंधालाच कारण मानलं आहे.
- पायरी ३: प्रत्येक निष्कर्षामागे योग्य आकडा आहे, नमुन्याचा आकार आणि अनिश्चितता सांगितली आहे.
- पायरी ४: तिसऱ्या पायरीचं सगळं आहे, शिवाय कुठली नवी माहिती आली तर निष्कर्ष बदलेल हेही सांगितलं आहे.

सावधान: ‘संवाद’ या निकषाखाली उच्चार, पेहराव, बोलण्यातली ऐट यांना गुण जायला वेळ लागत नाही. ज्याच्या घरी ती भाषा बोलली जाते किंवा ज्याला लोकांसमोर उभं राहण्याची सवय आहे, त्याला न शिकताच गुण मिळतात आणि अडखळत बोलणाऱ्याचं अचूक विश्लेषण मागे पडतं. निकषात ‘प्रश्नाला थेट उत्तर दिलं’, ‘माहीत नाही ते स्पष्ट सांगितलं’ अशा ऐकून तपासता येणाऱ्या गोष्टीच ठेवा.

### ४.४ तपासणाऱ्यांचं एकमत करून घ्या

जुन्या नमुन्यांतले पाच घ्या. तुम्ही आणि सहकारी, दोघांनी न बोलता वेगवेगळे तपासा. मग प्रत्येक निकष शेजारी शेजारी ठेवा. एका पायरीचा फरक चालतो. दोन पायऱ्यांचा फरक दिसला तर निकषाची भाषा धूसर आहे, ती दुरुस्त करा. जुने नमुने नसतील तर मुद्दाम एक मध्यम आणि एक कच्चं उत्तर स्वतः लिहा. हेच नमुने पुढे वर्गात उपयोगी पडतात: विद्यार्थ्यांनी पहिलं काम करण्याआधी निकषतक्ता हाती घेऊन ते तपासायचे. ४० मिनिटांच्या या एका तासानं नंतरच्या ‘मला गुण कमी का?’ या बहुतेक तक्रारी मिटतात.

### ४.५ काम विद्यार्थ्याचंच आहे ना?

मजकूर लिहून देणारी एआय साधनं सगळ्यांच्या हातात असताना नुसता अहवाल हा पुरेसा पुरावा राहत नाही. म्हणून आपल्या कोर्समध्ये तोंडी प्रश्नोत्तरं जोडली आहेत: प्रत्येकी ६ मिनिटं, ६० विद्यार्थ्यांचे ६ तास, दोन परीक्षकांत वाटून. प्रश्न त्याच्याच अहवालातले हवेत: ‘या ४२ ओळी का वगळल्या?’, ‘सरासरीऐवजी मध्यक का घेतला?’ याशिवाय डेटा साफ करतानाची नोंद आणि मधला मसुदा मागवा. साधन कुठे वापरायला परवानगी आहे आणि ते कसं नोंदवायचं, हे असाइनमेंटच्या कागदावरच लिहा. ‘योग्य तेथे वापर करावा’ या वाक्यानं कुणालाच काही कळत नाही.

## टप्पा ५: सरावाची शिडी उलट्या दिशेनं बांधा

आता शेवटच्या कामाचे तुकडे करा. आपल्या अहवालात चार आहेत: मागणी स्पष्ट करून घेणं, डेटा साफ करणं, पद्धत निवडणं, लिहिणं. प्रत्येक तुकडा आधी सुटा आणि मग जोडून करायला मिळाला पाहिजे. नियम एवढाच की गुण लागणाऱ्या शेवटच्या कामाआधी तेच कौशल्य वेगवेगळ्या साहित्यावर किमान तीनदा वापरलेलं असावं.

- आठवडा २: ४० ओळींचा डेटा, वर्गातच, जोडीनं. १५० शब्दांत निष्कर्ष. गुण नाहीत.
- आठवडा ५: साफ केलेला डेटा आणि स्पष्ट प्रश्न. एक पान, अहवालाचा साचा दिलेला.
- आठवडा ९: ५०० ओळी, त्रुटींसह, आणि मुद्दाम अस्पष्ट लिहिलेली मागणी. विद्यार्थ्यांनी मागणी करणाऱ्याच्या भूमिकेतल्या प्राध्यापकाला जास्तीत जास्त तीन प्रश्न विचारायचे. साचा नाही. मसुद्यावर वर्गमित्राचा अभिप्राय.
- आठवडा १४: नवीन डेटा, सगळं काही स्वतः.

आधार हळूहळू काढला आहे हे लक्षात घ्या: आठवडा ९ ला साचा आणि स्पष्ट प्रश्न गेला, आठवडा १४ ला वर्गमित्राचा अभिप्रायही गेला. तिन्ही एकदम काढले तर वर्गाचा मोठा भाग कोसळतो. एकही काढला नाही तर कोर्स संपेपर्यंत विद्यार्थी रकाने भरत राहतो.

### अभिप्रायाचं वेळापत्रक

अभिप्राय पुढच्या प्रयत्नाच्या आधी हातात पडला तरच कामाचा. सात दिवस ही मर्यादा धरा, आणि आधी बेरीज करा: ६० पेपर, प्रत्येकी १० मिनिटं म्हणजे १० तास. अशा तीन फेऱ्या म्हणजे ३० तास. एवढे तास तुमच्याकडे नसतील तर पद्धत बदला:

- वारंवार येणाऱ्या १०-१२ चुकांना सांकेतिक क्रमांक द्या. पेपरावर फक्त ‘च४’ लिहा. स्पष्टीकरण आणि दुरुस्त उदाहरण एका सामायिक कागदावर. वेळ साधारण ६ मिनिटांवर येतो.
- प्रत्येकाला एकच लांब वाक्य लिहा: पुढच्या वेळी काय वेगळं करायचं.
- उरलेलं १५ मिनिटांत पूर्ण वर्गाला मिळून सांगा.

तपासणी: आठवडा ९ च्या अहवालाच्या पहिल्या पानावर विद्यार्थ्याला दोन ओळी लिहायला लावा: ‘मागच्या अभिप्रायातलं काय वापरलं आणि कुठे?’ ही अट नसेल तर बरेच जण गुण पाहून पान बंद करतात.

## टप्पा ६: तासांचा हिशेब, आणि काय काढायचं

नवीन कामं टाकली आणि जुनं काहीच काढलं नाही, तर कोर्स मोडतो. वर्गाबाहेरचे ६० तास असे वाटले आहेत: आठवडा ५ चं काम ६ तास, आठवडा ९ चं १०, आठवडा १४ चं १६, चिंतन-नोंदी (टप्पा ८ मधल्या) ३, आठवड्याचं वाचन आणि उदाहरणं १५, परीक्षेची तयारी १०. असाइनमेंटला लागणारा वेळ ठरवताना ती स्वतः सोडवून पाहा आणि त्या वेळेला तीननं गुणा.

वर्गातल्या ६० तासांपैकी १२ ते १५ तास सरावाला लागतील, म्हणजे व्याख्यानांचा पाचवा ते चौथा हिस्सा काढावा लागेल. हे जड जातं. प्रत्येक उपविषयामागे कुणाचं तरी प्रेम असतं. निवड करायला प्रत्येक उपविषयासमोर तीनपैकी एक खूण करा: याच्याशिवाय शेवटचं काम होत नाही, पुढचा कोर्स यावर उभा आहे, बाकीचं. तिसऱ्या खुणेचं वाचनात ढकला किंवा सोडा. सिद्धता पूर्ण फळ्यावर मांडण्याऐवजी तिची गृहीतकं कुठे मोडतात हे सरावात दाखवता येतं का, हेही पाहा. बऱ्याचदा तेच ज्ञान जास्त टिकतं.

## टप्पा ७: बाहेरची माणसं आणि गटकार्य

बाहेरच्या तज्ज्ञाला ‘मार्गदर्शनपर व्याख्याना’साठी बोलावू नका. त्याच्याकडून तीन मोजक्या गोष्टी घ्या: खरी, अस्पष्ट मागणी कशी असते त्याचा नमुना, आठवडा ९ च्या पाच अहवालांवर त्याचा अभिप्राय, आणि शेवटच्या तोंडी परीक्षेत एक तास. हे एका पानावर तारखांसह लिहून द्या. डेटा मिळणार असेल तर गोपनीयतेची अट सत्राआधी लेखी ठरवा आणि पर्यायी डेटा तयार ठेवाच. आयत्या वेळी नकार येतो आणि तो बहुधा वाजवी कारणानंच येतो.

काम वर्गाच्या वेळेत बसेल असं बघा. बाहेर जाऊन बिनपगारी महिनाभर काम करण्याची अट घातली की नोकरी करून शिकणारे, घरी कुणाची काळजी घेणारे आणि अपंग विद्यार्थी सर्वांत आधी गळतात.

गटकार्य फक्त तिथेच ठेवा जिथे काम एकट्यानं होण्यासारखं नाही. गट ३-४ जणांचा, भूमिका लेखी, दर आठवड्याला तीन ओळींची नोंद (कुणी काय केलं, काय अडलं, पुढे काय). गटाला मिळणारे गुण एकूण कामाच्या निम्म्यापेक्षा जास्त नकोत. उरलेले प्रत्येकाच्या स्वतंत्र भागाला. गटातल्या विद्यार्थ्यांनी एकमेकांना गुण द्यायचे असतील तर ते दोनदा घ्या, अर्ध्यात आणि शेवटी. फक्त शेवटी घेतले तर सुधारायला कुणालाच संधी राहत नाही.

## टप्पा ८: विद्यार्थ्याला आपलं कौशल्य शब्दांत सांगता यावं

एवढं करूनही विद्यार्थी मुलाखतीत ‘मी सांख्यिकीचा कोर्स केला’ एवढंच सांगतो, कारण त्यानं काय केलं याला नाव त्यानं कधी दिलेलंच नसतं. आठवडा ६, १० आणि १५ मध्ये १५० शब्दांची नोंद घ्या, चार भागांत: परिस्थिती काय होती, माझ्यावर काय सोपवलं होतं, मी नेमकं काय केलं आणि का, परिणाम काय झाला. ‘मला खूप शिकायला मिळालं’ अशी वाक्यं परत पाठवा. त्यांच्या जागी आकडा, निर्णय किंवा बदललेला मसुदा मागा.

नोंदीबरोबर पहिला आणि शेवटचा अहवाल एका फोल्डरमध्ये ठेवायला सांगा. आठवडा १५ ला जोडीनं दहा मिनिटांचा सराव: एकानं नोंदीवरून सांगायचं, दुसऱ्यानं ‘हे तू केलंस की गटानं?’ असे तीन प्रश्न विचारायचे.

## टप्पा ९: आधी छोटी चाचणी, मग दुरुस्ती

सत्राआधी आठवडा ५ चं काम ६ ते ८ विद्यार्थ्यांकडून करून घ्या, शक्यतो आधीच्या वर्षाच्या. ते कुठे थांबतात, कुठला शब्द पुन्हा विचारतात, किती वेळ लागतो, हे लिहून ठेवा. सूचनांतली संदिग्धता इथेच सापडते. ६० जणांसमोर सापडली तर पूर्ण आठवडा जातो.

सत्र सुरू झाल्यावर चौथ्या आठवड्यात नाव न लिहिता तीन प्रश्न: कशानं शिकायला मदत होते, कशानं अडतं, गेल्या आठवड्यात वर्गाबाहेर किती तास गेले. पुढच्याच तासाला काय बदलणार आणि काय बदलणार नाही ते सांगा, कारणासह.

सत्रानंतर एकूण सरासरी बघून समाधान मानू नका. प्रत्येक निकषाची पायरी आठवडा ५, ९ आणि १४ साठी वेगळी मांडा. काही खुणा लवकर ओळखता येतात:

- एक निकष तिन्ही वेळा पायरी २ वरच अडला: त्याचा सुटा सराव झालेला नाही.
- आठवडा ९ ला सगळेच घसरले: आधार एकदम काढला गेला.
- अहवाल पायरी ४ चा, तोंडी उत्तरं पायरी १ ची: काम स्वतःचं नाही, किंवा लिहिताना विचार झालेला नाही. दोन्हींचा उपाय मधला मसुदा तपासणं.
- सगळ्यांना सगळीकडे ३ किंवा ४: तक्ता सैल आहे, टप्पा ४.४ पुन्हा करा.

पदवी घेऊन सहा ते बारा महिने झालेल्या ८-१० जणांना एवढंच विचारा: कोर्समधलं कुठलं काम तिथे जसंच्या तसं करावं लागलं, आणि कुठलं काम अंगावर आलं तेव्हा काहीच सुचलं नाही? पुढच्या सत्रासाठी दोन किंवा तीनच बदल निवडा. जास्त केले तर कशामुळे काय सुधारलं हे समजत नाही. बदल, त्याचं कारण, निकषतक्त्याची जुनी-नवी आवृत्ती आणि तपासलेले पाच नमुने एका ठिकाणी ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी कोर्स दुसऱ्या प्राध्यापकाकडे गेला तरी त्याला पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.